टपालाने आलेली आरोग्याची प्रश्नावली : कोण उत्तर देतो, कोण देत नाही?

निगडी प्राधिकरणातील एका निवृत्त वाचकांनी या सदराला पत्र पाठवून एक साधी शंका विचारली आहे. त्यांच्या घरी टपालाने चार पानी आरोग्य-प्रश्नावली आली. वय, वजन, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रात्रीची झोप, घरात कोणाला जुना खोकला आहे का, असे प्रश्न त्यात आहेत. परत पाठवण्यासाठी पत्ता छापलेले, तिकीट लावलेले पाकीटही सोबत आहे. त्यांचे म्हणणे असे की, आम्हा नवरा-बायकोला देवाच्या कृपेने काही आजार नाही, तेव्हा आम्ही ही कागदपत्रे भरून कोणाला काय उपयोग? ज्यांना दुखणी आहेत त्यांनी भरावीत.

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. एखाद्या गावात दवाखाना कोठे हवा, औषधे किती मागवायची, क्षयाची तपासणी कोणत्या वस्तीत आधी करायची, हे ठरवताना अशाच पाहण्यांचा आधार घेतला जातो. म्हणून आजचे सदर या एकाच पत्रासाठी राखून ठेवले आहे.

प्रथम त्या वाचकांच्या मुद्द्याबद्दल. आजार किती पसरला आहे हे सांगणारा आकडा म्हणजे शाळेत शिकलेला अपूर्णांक असतो. वर अंश, खाली छेद. आजारी माणसे अंशात येतात आणि छेदात सगळेच येतात, आजारीही आणि धडधाकटही. निरोगी माणसांनी आपल्याला काय त्याचे म्हणून कागद बाजूला ठेवला तर छेद लहान होतो आणि गाव आहे त्यापेक्षा अधिक आजारी दिसू लागते. तेव्हा काही आजार नाही हेसुद्धा उत्तरच आहे, आणि ते आजाराच्या उत्तराइतकेच मोलाचे आहे.

परंतु गंमत अशी की प्रत्यक्षात बहुतेक वेळा घडते ते याच्या उलट. सर्वसाधारण आरोग्याच्या प्रश्नावल्या निरोगी माणसेच अधिक भरतात आणि आजारी माणसे, व्यसनी माणसे, थकलेली माणसे गप्प राहतात. याचा परिणाम किती होतो ते एका कल्पित हिशेबाने पाहू. समजा एका वसाहतीत १००० जणांना प्रश्नावली पाठवली. ४०० जणांनी उत्तर दिले आणि त्यांपैकी ४० जण तंबाखू खातात असे निघाले. म्हणजे दहा टक्के. पाहणी करणारा खूश होऊन अहवाल लिहील. पण गप्प राहिलेल्या ६०० जणांत हे प्रमाण तीस टक्के असेल तर तेथे १८० तंबाखू खाणारे आहेत. दोन्ही मिळून २२०, म्हणजे बावीस टक्के. अहवालातील आकड्याच्या दुपटीहून जास्त! आणि हे एकही माणूस खोटे न बोलता. कोणी फसवले नाही, बेरीज चुकली नाही, तरी उत्तर चुकले.

आणखी कागद पाठवले म्हणजे चूक दुरुस्त होईल, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेतील १९३६ सालचे उदाहरण या समजुतीवरचा जालीम उतारा आहे. ते निवडणुकीचे आहे, आरोग्याचे नाही, पण धडा तोच. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा अंदाज घेण्यासाठी टपालाने सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यावरून त्यांनी जाहीर केले की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत निवडून आले. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते, आणि त्या मंदीच्या काळात टेलिफोन व मोटार गरिबाकडे कोठून असणार? शिवाय, पुढच्या अभ्यासकांनी दाखवले की ज्यांच्याकडे मतपत्रिका पोहोचली त्यांच्यातही रूझवेल्ट यांना विरोध असणाऱ्यांनी ती जास्त उत्साहाने परत पाठवली. तेवीस लाख उत्तरे, आणि निष्कर्ष सपशेल चुकीचा.

आता खास आरोग्याचे उदाहरण. सिगारेटमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध करण्यात ज्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे, तो टपालाच्या प्रश्नावलीनेच सुरू झाला. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधील सुमारे साठ हजार डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली. आपण धूम्रपान करता का, किती करता, सोडले असल्यास कधी सोडले, एवढाच तिचा विषय. सुमारे चाळीस हजार डॉक्टरांनी उपयोगी उत्तरे पाठवली, म्हणजे तिघांपैकी दोघांनी. (डॉक्टर मंडळी कागदाला उत्तर देण्याबाबत किती आळशी असतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे हे प्रमाण मला फार मोठे वाटते.) पुढे त्यांच्या लक्षात आले की उत्तर देणाऱ्या डॉक्टरांमध्ये सुरुवातीच्या वर्षांत मृत्यूचे प्रमाण एकूण डॉक्टरांच्या मानाने बरेच कमी होते. कारण उघड आहे. जो डॉक्टर स्वतःच अंथरुणाला खिळला आहे तो प्रश्नावली कशाला भरत बसेल? जसजशी वर्षे गेली तसा हा फरक कमी होत गेला.

अलीकडचे उदाहरणही ब्रिटनचेच आहे. यूके बायोबँक या मोठ्या अभ्यासासाठी २००६ ते २०१० या काळात सुमारे ९२ लाख लोकांना टपालाने निमंत्रणे गेली. आले पाच लाख, म्हणजे साडेपाच टक्के. या पाच लाखांची बाकीच्या जनतेशी तुलना २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांत स्त्रिया अधिक होत्या, वयस्कर माणसे अधिक होती, सुस्थितीतील वस्त्यांत राहणारी अधिक होती. धूम्रपान करणारे आणि लठ्ठ माणसे कमी होती. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयोगटात तर त्यांचे मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण जनतेच्या जवळजवळ निम्मे निघाले.

मग असले अभ्यास फेकून द्यायचे का? नाही. येथे एक बारकावा आहे. गावात किती टक्के लोक धूम्रपान करतात हे विचारायचे असेल तर अशी उत्तरे फसवी ठरतात. पण धूम्रपान करणारा आणि न करणारा यांच्यात कोणाला कर्करोग जास्त होतो, ही तुलना उत्तर देणाऱ्यांमध्येही पुष्कळशी खरी उतरू शकते. डॉल आणि हिल यांचा निष्कर्ष टिकला तो यामुळे. वर्तमानपत्रात एखादा आकडा वाचाल तेव्हा तो प्रमाण सांगतो आहे की तुलना, एवढे पाहायची सवय लावून घ्यावी.

उत्तर कोण देतो याबद्दल निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतून जे चित्र दिसते ते बरेचसे सारखे आहे. पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक, तरुणांपेक्षा वयस्कर अधिक, लग्न झालेले अधिक, शिकलेले अधिक, एकाच घरात पुष्कळ वर्षे राहणारे अधिक. विषय आपल्याशी संबंधित असेल तर माणूस कागद हातात घेतो. दम्याच्या प्रश्नावलीला दमेकरी माणसाच्या घरातून उत्तर लवकर येते. उत्तर न देणारा माणूस बेफिकीरच असतो असे मात्र समजू नये. त्याला वेळ नसतो, चष्मा नसतो, अक्षर नीट काढता येत नाही याची लाज असते, पत्ता बदललेला असतो किंवा भीती असते.

आपल्या देशात आरोग्याच्या मोठ्या पाहण्या टपालाने फारशा होतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. १९९१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता जेमतेम ५२ टक्के होती. अशा देशात कागद पाठवून उत्तर मागणे म्हणजे निम्म्या लोकांना आधीच वगळणे. म्हणून आपल्याकडे माणूस दारात जातो. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. पहिली १९९२-९३ साली झाली, पाचवी २०१९ ते २०२१ या काळात. पाचव्या पाहणीत निवडलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांनी माहिती दिली. स्त्रियांपैकी ९७ टक्के भेटल्या, पुरुषांपैकी ९२ टक्के. परदेशातील पाहणी करणाऱ्यांना हेवा वाटावा असे हे आकडे आहेत. तरीही पुरुष स्त्रियांपेक्षा पाच टक्क्यांनी मागे राहिले, कारण ते घरात सापडत नाहीत.

आपल्याकडचे आणखी जवळचे उदाहरण म्हणजे चाकणच्या पूर्वेला भीमाकाठचे वढू बुद्रुक. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने, डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने, १९७० च्या दशकात येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. त्याच कामातून २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांत घरोघरी नियमित फेऱ्या मारून जन्म, मृत्यू, आलेगेले यांची नोंद ठेवली जाते. २००७ च्या सुमारास याच गावांतील पन्नाशी ओलांडलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांना त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारले गेले. म्हातारी माणसे घरात असतात, बोलायला तयार असतात, विचारणारा ओळखीचा असतो. टपालाच्या पाकिटाला यातले काहीच साधत नाही. अशा कामात आलेगेले यांची नोंद का महत्त्वाची, ते आपल्या पट्ट्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. कारखाने आले तशी या गावांतली माणसे सारखी बदलत असतात.

आता पाकिटाच्या वाटेने आपल्या पट्ट्याकडे पाहू. प्राधिकरणात पेठ आहे, प्लॉट आहे, बंगल्यावर नावाची पाटी आहे, जिन्याखाली पत्रपेटी आहे. पत्र पोहोचते. निवृत्त गृहस्थ दुपारी चष्मा लावून ते भरतात. पण खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, कुरुळी येथील भाड्याच्या खोल्यांचे काय? एका खोलीत चार-पाच मुले राहतात. कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून, कोणी बिहार किंवा ओडिशातून आलेले. करार अकरा महिन्यांचा, आणि बहुधा तोही मालकाच्या आणि एकाच मुलाच्या नावाने. पत्र आले तर कोणाच्या नावाने येणार? एक पहिल्या पाळीला, एक तिसऱ्या पाळीला, दुसरा तिसऱ्या पाळीहून येऊन झोपलेला. मराठी प्रश्नावली ओडिया मुलाला वाचता येत नाही. पाण्यावर, जेवणावर, झोपेवर, पाठीच्या दुखण्यावर ज्यांना सर्वांत जास्त सांगायचे आहे त्यांचा आवाज त्या पाकिटात येतच नाही. मग अहवालात शहर निरोगी दिसते आणि सोय प्राधिकरणात वाढते. मला हा या विषयातला सर्वांत काळजीचा भाग वाटतो.

कारखान्यातील पाहणीचा तर एक वेगळाच घोळ आहे. जो माणूस आजारी पडतो तो काम सोडतो किंवा त्याला सोडावे लागते. मागे उरतात ते धडधाकट. त्यामुळे एखाद्या खात्यातील कामगारांची प्रकृती बाहेरच्या जनतेपेक्षा चांगली दिसते, मग ते काम कितीही धुळीचे किंवा आवाजाचे असो. शास्त्रज्ञ याला निरोगी कामगारांचा परिणाम म्हणतात, आणि अशा फसगतीकडे विल्यम ओगल यांनी १८८५ सालीच लक्ष वेधले होते. त्यातून प्रश्नावली कंपनीनेच दिली असेल तर दुसरी अडचण येते. माझ्या दवाखान्यात येणारे कंत्राटी कामगार मला उघड सांगतात की कंपनीच्या फॉर्मवर ते चक्कर, कमी ऐकू येणे, फिट येणे यांच्यापुढे नाही असेच लिहितात. खरे लिहिले तर पुढच्या महिन्यात गेटपास मिळेल याची खात्री त्यांना वाटत नाही. त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. जे उत्तर दिल्याने पोटावर पाय येतो ते खरे मिळण्याची अपेक्षा विचारणाऱ्यानेच ठेवू नये. त्याने नाव न विचारता विचारावे.

भीतीचा विषय निघालाच आहे तर चिंचवडकरांना एक जुनी गोष्ट आठवेल. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सोजिरांनी घरात शिरून ज्या पद्धतीने झडत्या घेतल्या त्यातून लोकांचा संताप इतका वाढला की २२ जून १८९७ रोजी चिंचवडच्या चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड याच्यावर गोळी झाडली. रोगाच्या नावाने दारात येणाऱ्या माणसाबद्दलचा संशय या भूमीत नवा नाही. २०२० साली १५ सप्टेंबरपासून राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम झाली आणि पथके घरोघरी ताप व प्राणवायूची पातळी मोजत फिरली. तेव्हाही घसा दुखत असताना काही नाही म्हणून सांगणारी कुटुंबे माझ्या माहितीत होती, कारण घरातल्या माणसाला उचलून नेतील ही धास्ती. ओळखीच्या आशाताई सोबत असल्या की तेच दार लवकर उघडत होते.

प्रश्न कसा विचारला यावरही उत्तर अवलंबून असते. महाराष्ट्रात याचे नामी उदाहरण म्हणजे मिश्री. तंबाखूविषयीच्या २०१६-१७ च्या जागतिक पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे २७ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात असे आढळले. धूम्रपान करणारे मात्र ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे प्रश्नावलीत विडी-सिगारेट ओढता का एवढेच विचारले तर महाराष्ट्र संतांची भूमी आहे असेच वाटेल! तंबाखू खाता का असे विचारले तरी सकाळी मिश्रीने दात घासणारी आजी मान हलवून नाही म्हणते, आणि ती खोटे बोलत नसते. तिच्या लेखी मिश्री हे दात घासण्याचे साधन आहे, व्यसन नव्हे. विचारणाऱ्याला मिश्री हा शब्द ठाऊक हवा आणि तो कागदावर हवा.

लोकांनी टपालाने उत्तर पाठवावे म्हणून काय करावे, यावर जगभर इतके प्रयोग झाले आहेत की आश्चर्य वाटते. २००९ साली या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात टपाली प्रश्नावलीचेच ४८१ प्रयोग होते. पाकिटात थोडे पैसे ठेवले तर उत्तर येण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट होते, आणि उत्तर आल्यावर देऊ असे सांगण्यापेक्षा आधीच ठेवलेले पैसे अधिक काम करतात. (आपल्याकडे आधी ठेवले तर पाकीट पोहोचेल का, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.) प्रश्नावली छोटी असावी. आधी एक पत्र पाठवून कल्पना द्यावी. उत्तर आले नाही तर आठवण करावी आणि आठवणीसोबत प्रश्नावलीची नवी प्रत पाठवावी, कारण पहिली तोवर रद्दीत गेलेली असते. पत्ता हाताने लिहिलेला असला, परतीच्या पाकिटावर खरे तिकीट चिकटवलेले असले, तरी उत्तरे वाढतात. विद्यापीठाचे नाव असले तर वाढतात. नाजूक प्रश्न विचारले तर थोडी घटतात. एकूण पाहता, समोरचा माणूस आहे हे कागदातून जाणवले तर माणूस उत्तर देतो. पूर्वी आपल्याकडे जोडकार्ड मिळत असे, अर्धे वाचायला आणि अर्धे उत्तराला. ज्याने ते शोधले त्याला हे शास्त्र न वाचताच कळले होते.

एक उलट प्रकारही सांगायला हवा. आरोग्य शिबिरात तपासलेल्यांपैकी इतक्या टक्के लोकांना मधुमेह आढळला, अशा बातम्या आपण वाचतो आणि घाबरतो. पण फुकट साखर तपासून मिळणार म्हटल्यावर कोण येतो? ज्याला आधीच शंका आहे, ज्याच्या आई-वडिलांना मधुमेह होता, ज्याला रात्री चार वेळा उठावे लागते तो. येथे आजारी माणसेच गर्दी करतात आणि निरोगी घरी राहतात. शिबिराचा आकडा हा शिबिराचा आहे, शहराचा नव्हे. त्या शिबिरात आलेल्यांवर उपचार झाले तर शिबिराचे काम झाले. त्यावरून शहराची टक्केवारी काढू नये.

आता कागद हातात आलेल्यांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. प्रश्नावली कोणी पाठवली, संस्थेचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी आहे का, ते प्रथम पाहावे. शंका असल्यास त्या संस्थेकडे किंवा महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात चौकशी करावी. आरोग्याच्या खऱ्या पाहणीला बँकेचा खाते क्रमांक, एटीएमचा आकडा किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी कधीही लागत नाही. असे काही मागितले तर कागद फाडून टाकावा. माहितीचा उपयोग कशासाठी होणार आणि नाव गुप्त राहणार का, हे पहिल्या पानावर लिहिलेले असावे. नसेल तर विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. भाग घेणे ऐच्छिक असते. एखादा प्रश्न नको वाटला तर तेवढी जागा कोरी सोडून बाकीचे भरावे. खोटे लिहिण्यापेक्षा कोरी जागा बरी, कारण कोरी जागा दिसते आणि खोटे उत्तर दिसत नाही.

ज्याच्या नावाने प्रश्नावली आली आहे त्यानेच ती भरावी. शेजारच्या हौशी गृहस्थांना द्यायची नाही. निवडलेल्या घराऐवजी दुसरे घर आले की नमुना बिघडतो. घरातील प्रत्येकासाठी वेगळा रकाना असेल तर कर्त्या पुरुषाने सर्वांची उत्तरे एकट्याने ठोकून देऊ नयेत. सुनेची पाठ किती दुखते आणि मुलगा कंपनीच्या गेटबाहेर काय ओढतो हे त्याला बहुधा ठाऊक नसते. आजीला वाचून दाखवावे लागेल, तेव्हा मिश्रीचे वेगळे विचारावे. आणि वरच्या मजल्यावर भाड्याने मुले राहत असतील, त्यांच्या खोलीचे पाकीट जिन्यात पडून असेल, तर ते तिसऱ्या पाळीहून येणाऱ्याच्या हातात द्यावे आणि हिंदीत दोन वाक्ये समजावून सांगावीत. घरमालकाच्या पेटीत पडलेले पाकीट भाडेकरूपर्यंत बहुधा पोहोचत नाही.